खरखरीत लोकरीतला मऊपणा

शेटलँडच्या बेटांवर किंवा आइसलँडमध्ये कातलेली, फारशी प्रक्रिया न झालेली लोकर पहिल्यांदा हाती येते तेव्हा ती सहसा रुक्ष, ताठ आणि किंचित चिकट लागते. तिला मेंढीचा आणि तेलाचा वास असतो, तिच्यात मधूनच गवताची एखादी काडी सापडते, आणि शेजारच्या मेरिनोच्या गुळगुळीत लडीशी ताडून पाहिल्यावर ही अंगावर घालण्याची वस्तू आहे यावर विश्वास बसत नाही. तरीही याच लोकरीचे स्वेटर उत्तर अटलांटिकच्या वाऱ्यापावसात लोक पिढ्यानपिढ्या घालत आले आहेत, आणि ते केवळ नाइलाजाने घातले असे म्हणता येत नाही. यामागचे कारण असे की लडीत जाणवणारा खरखरीतपणा एकजिनसी नसतो. त्याचा एक भाग धाग्यावरच्या तेलामुळे, पिळामुळे आणि दबून राहिलेल्या तंतूंमुळे येतो, आणि तो पाण्याने, वेळेने व हाताने जातो. दुसरा भाग तंतूच्या जाडीतच असतो, आणि घरगुती उपायाने तो जात नाही. लोकर मऊ करू पाहणाऱ्याने हे दोन भाग वेगळे ओळखले, तर त्याचे निम्मे श्रम वाचतात आणि पुष्कळशी चांगली लोकरही नासाडीतून वाचते.

‘कमी प्रक्रिया झालेली’ याचा अर्थ आधी पाहायला हवा. मेंढीच्या अंगावरून कातरलेल्या लोकरीत तंतूंबरोबर लॅनोलिन असते, म्हणजे त्वचेतील ग्रंथींमधून पाझरणारा आणि तंतूंना पाण्यापासून राखणारा मेणासारखा पदार्थ. शिवाय वाळलेल्या घामाचे क्षार, माती, काटे आणि बियाही असतात. मोठ्या कारखान्यात ही लोकर गरम पाण्याच्या एकामागून एक टाक्यांतून जाते, पुष्कळदा वनस्पतींचे अवशेष जाळून काढण्यासाठी तिला सल्फ्युरिक आम्लाचे संस्कार देतात, आणि यंत्रात धुता येण्याजोगी लोकर हवी असेल तर क्लोरीनने तंतूवरचे खवले झिजवून त्यांवर रेझिनचा पातळ थर चढवतात. या शेवटच्या प्रक्रियेने धागा विलक्षण गुळगुळीत होतो. पण तिच्या सांडपाण्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये उतरतात, आणि असा धागा धुतल्यावर लोंबतो व पसरतो, कारण तंतूंना एकमेकांना धरून ठेवणारे खवलेच निकामी झालेले असतात. लहान गिरण्यांमध्ये यातले बहुतेक काही घडत नाही. तिथे लोकर माफक धुतली जाते, पिंजली जाते आणि कातली जाते. कातताना तंतू तुटू नयेत म्हणून त्यांवर तेल शिंपडतात, आणि शेटलँडच्या गिरण्यांतून यंत्रावर विणणाऱ्यांसाठी निघणारा धागा तर या तेलासकटच विकण्याची चाल आहे.

कातण्याच्या दोन पद्धतींमधला फरकही इथे महत्त्वाचा ठरतो. एका पद्धतीत लोकर विंचरून आखूड तंतू काढून टाकतात आणि उरलेले लांब तंतू समांतर ठेवून कातत असल्याने धागा नितळ, घट्ट आणि चमकदार होतो; सुटाचे कापड अशा धाग्याचे असते. दुसऱ्या पद्धतीत लोकर नुसती पिंजून घेतात, तंतू सर्व दिशांना वळलेले राहतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि धागा हलका, उबदार पण केसाळ होतो. शेटलँडची लोकर प्रामुख्याने या दुसऱ्या पद्धतीने कातलेली असते. तिचे तेल निघून गेले की आत दबलेले तंतू सैल होतात आणि धागा फुलतो, त्यामुळे लडीत बारीक आणि कडक दिसणारा धागा धुतलेल्या स्वेटरात भरीव आणि मऊ दिसतो. दुकानात हात लावून अशा लोकरीविषयी मत बनवणे म्हणूनच घाईचे असते.

आता जो भाग जात नाही त्याकडे वळता येईल. लोकर ‘टोचते’ असे म्हटले जाते तेव्हा नेमके काय होते याचा शोध ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९८० च्या दशकात बारकाईने घेतला. त्यांना असे आढळले की कापडाच्या पृष्ठभागातून बाहेर आलेले तंतूचे टोक त्वचेला टेकते आणि तंतू बारीक असेल तर लगेच वाकून बाजूला होते, पण जाड तंतू वाकण्याआधी त्वचेवर दाब देतो. हा दाब सुमारे ७५ मिलिग्रॅम वजनाइतका झाला की वेदना वाहणारे मज्जातंतू जागे होतात. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि ३० मायक्रॉनहून जाड तंतूंचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांच्या पुढे गेले की बहुतेकांना टोचणी जाणवू लागते. म्हणजे लोकरीची सरासरी जाडी किती यापेक्षा तिच्यात जाडेभरडे तंतू किती मिसळले आहेत, याला अधिक महत्त्व आहे.

या शोधामागचे गणित विणणाऱ्यालाही उपयोगी पडणारे आहे. तंतू वाकवायला लागणारे बळ त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २० मायक्रॉनच्या तंतूपेक्षा ४० मायक्रॉनचा तंतू दुप्पट जाड असूनही, लांबी तीच असेल तर, सोळा पट ताठ असतो. उलट, बाहेर आलेल्या टोकाची लांबी दुप्पट झाली की हे बळ चौथाईवर येते. धुतल्यावर फुललेला, अंगावर लव असलेला धागा कमी टोचतो त्याचे एक कारण इथे सापडते: आखूड, ताठ खुंटांऐवजी लांब, लवचिक टोके त्वचेला भेटतात. लोकर टोचते म्हणून तिच्यावरची लव वस्तऱ्याने साफ करण्याचा जो उपाय काही जण करतात तो म्हणूनच उलटा पडू शकतो; कापलेली टोके आखूड आणि ताठ होऊन पूर्वीपेक्षा जास्त बोचतात.

या संशोधनाचा आणखी एक निष्कर्ष फारसा लोकांपर्यंत पोहोचलेला नाही. तळहात आणि बोटांच्या आतल्या बाजूची केसविरहित, जाड त्वचा ही टोचणी जवळजवळ ओळखतच नाही, तर मान, मनगटाची आतली बाजू आणि दंडाचा आतला भाग ती चटकन ओळखतो. लोकरीची परीक्षा बोटांनी करण्याची सर्वांनाच सवय असते आणि तीच परीक्षा सर्वांत कुचकामी असते. त्यापेक्षा तळहाताएवढा नमुना विणून, धुऊन, वाळवून तो काही वेळ कॉलरच्या आत मानेला लावून ठेवावा. त्यातून खरे उत्तर मिळते. त्वचा घामट आणि गरम असताना टोचणी वाढते, हेही लक्षात ठेवायला हवे. शेटलँडच्या थंडीत निभावणारा स्वेटर पुण्याच्या किंवा नाशिकच्या डिसेंबरात, दुपारी घाम सुटल्यावर, असह्य का वाटतो याचा खुलासा यात आहे. शिवाय ‘लोकरीची ॲलर्जी’ म्हणून जे सांगितले जाते ते बहुतेक वेळा ॲलर्जी नसून जाड तंतूंची ही यांत्रिक टोचणीच असते. त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका आढाव्यात हाच निर्णय दिला आहे.

शेटलँडच्या मेंढीची लोकर साधारण २३ ते ३० मायक्रॉनच्या पट्ट्यात येते, म्हणजे ती नेमकी या सीमारेषेवर उभी असते. एकाच मेंढीच्या मानेवरची लोकर अत्यंत बारीक असते आणि मांड्यांवरची भरड. अंस्ट बेटावरच्या बायकांनी विणलेल्या, अंगठीतून आरपार ओढता येणाऱ्या जाळीदार शाली मानेच्या लोकरीतूनच घडल्या. लोकर निवडणे, म्हणजे एका मेंढीची लोकर शरीराच्या भागांप्रमाणे हातांनी वेगळी करणे, हा मऊपणाचा पहिला आणि सर्वांत खरा उपाय आहे, आणि तो धागा होण्याच्या आधीच घडतो. आइसलँडच्या मेंढीत हाच प्रश्न दुसऱ्या रूपात दिसतो. नवव्या-दहाव्या शतकात नॉर्स वसाहतकऱ्यांबरोबर तिथे गेलेल्या या मेंढीला दुहेरी आवरण असते: आतला आखूड, बारीक, उबदार थर ‘थेल’ आणि बाहेरचा लांब, जाड, पाणी ओघळून टाकणारा थर ‘टोग’. पूर्वी घराघरांत हे दोन्ही थर हातांनी वेगळे करीत, थेलमधून अंगालगतचे कपडे आणि टोगमधून दणकट वस्त्रे होत. ‘लोपी’ नावाने आज मिळणाऱ्या धाग्यात दोन्ही एकत्र असतात, म्हणून तो हलका आणि पावसाला न भिणारा असूनही टोगमुळे टोचतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झालेला, गोल नक्षीदार खांद्यांचा आइसलँडचा स्वेटर तिथे सदऱ्यावर घालतात, उघड्या अंगावर नाही, ही गोष्ट त्याची छायाचित्रे पाहून भुललेल्या परदेशी ग्राहकाला कोणी सांगत नाही.

आता धुण्याविषयी. या लोकरीला मऊपणा देणारे सर्वांत मोठे साधन पाणी आहे, आणि ते वापरण्याची शिस्त तंतूच्या रचनेतून ठरते. लोकरीचा तंतू केराटिन या प्रथिनाचा असून त्याच्यावर उतरत्या छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेले खवले असतात, ज्यांची तोंडे टोकाकडे असतात. ओल, उष्णता आणि चोळणे एकत्र आले की तंतू फक्त मुळाच्या दिशेने सरकू शकतात, परत येऊ शकत नाहीत, एकमेकांत गुंततात आणि कापडाचा नमदा होतो. लोकर आटते ती नुसत्या गरम पाण्याने, ही समजूत अपुरी आहे. हालचाल आणि तापमानातला अचानक बदल हे तिचे अधिक मोठे शत्रू आहेत. म्हणून तेलकट धागा मऊ करताना पाणी कोमट किंवा त्याहून जरा गरम, साधारण ४० अंश सेल्सिअसचे घ्यायला हरकत नाही, कारण लॅनोलिन याच तापमानाच्या आसपास वितळते. मात्र त्यात लोकर बुडवून वीस-तीस मिनिटे स्वस्थ राहू द्यावी, घुसळू नये, पिळू नये, आणि खळबळण्याचे पाणीही त्याच तापमानाचे घ्यावे. पहिले पाणी पिवळट आणि गढूळ निघते. ते निघेनासे होईपर्यंत दोन-तीनदा पाणी बदलले की धाग्याचा स्पर्श लक्षणीय पालटतो.

साबणाची निवड इथे फार महत्त्वाची आहे. धुण्याचा सोडा आणि त्याचे मिश्रण असलेल्या कपड्यांच्या पावडरी अल्कधर्मी असतात. अल्कामुळे केराटिन दुर्बळ होते आणि तंतू फुगून खवले उघडतात. डाग काढण्यासाठी प्रथिने पचवणारी एन्झाइम घातलेल्या पावडरी तर लोकर स्वतःच प्रथिन असल्याने हळूहळू तिलाच खातात. महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. दख्खनच्या खडकातल्या विहिरींचे आणि बोअरवेलचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले असते, आणि अशा पाण्यात साध्या साबणाची न विरघळणारी साय तयार होऊन ती तंतूंवर बसते. धुतल्यावर स्वेटर आधीपेक्षा कडक झाला अशी तक्रार येते, तेव्हा दोष लोकरीचा नसून या सायीचा असण्याची शक्यता मोठी असते. रेशमी लुगडी आणि लोकरी शाली रिठ्याच्या पाण्यात धुण्याची जुनी पद्धत या दृष्टीने अतिशय शहाणपणाची आहे: रिठ्यातले सॅपोनिन जड पाण्यातही साय धरत नाही, त्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, आणि केराटिनला तेच मानवते. पांढऱ्या लोकरीवर रिठ्याची पिवळसर झाक राहू शकते, म्हणून तिच्यासाठी खास लोकरीचा सौम्य द्रव साबण घ्यावा.

शेवटच्या पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालण्याचा सल्ला विणणाऱ्यांमध्ये रूढ आहे आणि त्याला आधार आहे. चार-पाच लिटर पाण्यात एक-दोन मोठे चमचे पुरतात. हे सौम्य आम्ल उरलेला अल्क मारते, सायीचा थर सैल करते आणि खवले पुन्हा तंतूला चिकटून बसायला मदत करते, त्यामुळे तंतूंमधले घर्षण कमी होते. वास वाळताना उडून जातो. केसांचा कंडिशनर वापरण्यामागेही असेच साधे रसायन आहे, कारण केस आणि लोकर दोन्ही केराटिनच. तंतूच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो आणि कंडिशनरमधले धनभारित रेणू त्याला चिकटून एक निसरडा थर देतात. थोडा कंडिशनर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात लोकर पंधरा-वीस मिनिटे ठेवावी आणि मग खळबळून घ्यावी. त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात: हा थर काही धुण्यांनंतर निघून जातो, जास्त प्रमाण झाले तर धागा लिबलिबीत होतो आणि धूळ धरतो, आणि त्याने जाड तंतू बारीक होत नाही. सीमारेषेवरच्या लोकरीला तो अलीकडे आणू शकतो. भरड लोकरीला त्याने काही विशेष लाभ होत नाही.

हाताने कातणाऱ्यांची एक रीत मात्र कायमचा फरक घडवते. ओली लडी पाणी निथळल्यावर दोन्ही हातांत ताणून जोराने झटकतात, किंवा न्हाणीच्या कठड्यावर काही वेळा आपटतात. दाबलेले तंतू यामुळे मोकळे होतात, पीळ लडीभर सारखा पसरतो आणि धागा फुलतो. काही जण लडी आळीपाळीने गरम व थंड पाण्यात बुडवून तिच्यावर नमद्याची अगदी हलकी सुरुवात मुद्दाम करतात, जेणेकरून सैल तंतू धाग्यात रुतून बसतील आणि पुढे गोळ्या कमी धरतील. यात हात बेताचा लागतो, आणि वापरायच्या लडीआधी लहान तुकड्यावर प्रयोग केलेला बरा.

विणकामात घेतलेले निर्णय धुण्याइतकेच परिणाम करतात. एकाच लोकरीचा घट्ट विणलेला तुकडा पाटीसारखा ताठ राहतो आणि एक-दोन नंबर जाड सुयांवर सैल विणलेला तुकडा अंगावर पडतो, कारण धाग्याला फुलायला जागा मिळते. पिंजून कातलेल्या लोकरीसाठी वीण नेहमीपेक्षा जरा सैल ठेवावी, धुतल्यावर ती आपोआप भरून येते. जिथे कापड मानेला लागते तिथेच मेरिनोचा किंवा सुताचा पट्टा विणणे, किंवा कॉलरच्या आत मऊ कापडाची पट्टी शिवणे, हा उपाय सगळ्या स्वेटरवर रसायनांचा मारा करण्यापेक्षा कितीतरी सोपा आणि टिकाऊ आहे. लोपीबरोबर मोहेरचा एक बारीक धागा जोडून विणण्याचीही चाल आहे. धाग्यात खडूसारखे पांढरे, आखूड, ठिसूळ केस दिसले तर ते विणतानाच चिमटीने ओढून काढावेत. हे केस आतून पोकळ असतात, रंग धरत नाहीत, आणि अंगाला सर्वांत आधी तेच बोचतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात इथे दख्खनी मेंढीचा विचार येणे स्वाभाविक आहे. धनगरांच्या कळपांतली ही काटक काळी मेंढी दुष्काळी मुलखात तग धरते, पण तिची लोकर भरड असते आणि तिच्यातले पुष्कळ तंतू पोकळ, केसांसारखे असतात. तिच्यापासून सणगर समाजाचे विणकर घोंगडी विणतात, आणि मागावरचे ताण सोसण्यासाठी ताण्याच्या धाग्याला चिंचोक्याची खळ देऊन तो मुद्दाम कडक करतात. वापरता वापरता ही खळ झडते आणि घोंगडी नरम पडते. घोंगडी सदऱ्यावरून पांघरायची, अंगणात अंथरायची, पावसात डोक्यावरून ओढायची वस्तू असल्याने तिच्या लोकरीकडून मानेलगतच्या मऊपणाची अपेक्षा कोणी केली नाही, आणि ते बरोबरच होते. जिथे मऊपणा हवा तिथे धनगरांनी धुण्यावर किंवा लेपावर नव्हे, तर निवडीवर भर दिला: कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, बाजूला ठेवून तिची घोंगडी वेगळी विणून घेतली, आणि ती आजही अधिक किमतीला जाते. कोकराचे तंतू बारीक तर असतातच, शिवाय पूर्वी कधी कातर न लागल्याने त्यांचे बाहेरचे टोक निमुळते असते, तर पुढच्या प्रत्येक कातरणीतल्या तंतूची दोन्ही टोके बोथट होतात. शेटलँडच्या बायकांनी मानेची लोकर निवडली आणि दख्खनच्या धनगरांनी कोकराची. तंतूच्या जाडीचा प्रश्न दोघांनीही कातण्याआधीच सोडवला.

दख्खनी लोकर दोन सुयांवर विणून विकण्याचे प्रयत्न ज्यांना करायचे असतील त्यांनी तिच्यातून मफलर किंवा बाळाची कानटोपी करण्याचा मोह टाळावा. रिठ्याचे पाणी, व्हिनेगर, कंडिशनर या सगळ्यांनंतरही ती टोचेल, आणि एकदा टोचलेली वस्तू ग्राहक पुन्हा अंगाला लावत नाही. जाड सुयांवर सैल विणलेली, आत सुती कापडाचे पूर्ण अस्तर असलेली आणि सदऱ्यावरून घालायची बिनबाह्यांची बंडी तिच्यातून उत्तम होते. तिचा नैसर्गिक काळा-करडा रंग रंगवावा लागत नाही, ती फाटत नाही, महाबळेश्वरच्या धुक्यात वरवरची ओल तिच्या पृष्ठभागावरच राहते, आणि जावळाची लोकर वेगळी मिळाली तर बंडीच्या गळपट्टीपुरता मऊ धागाही त्याच कळपातून येऊ शकतो.